उरलेलं कोकरू

शीलाचं दहावीचं इंग्रजी गेलं ते एका शब्दापायी, आणि तो शब्द तिनं आठ वर्षं मनात धरून ठेवला होता. लग्नात कुणाच्या हातून राहिलेला मानपान बायका जसा धरून ठेवतात, तसा. न पाहिलेल्या उताऱ्यात, पहिल्याच ओळीत तो उभा होता: ऑर्चर्ड. घराच्या मागं एक ऑर्चर्ड होतं, एवढं तिला लागलं. पण ऑर्चर्ड म्हणजे काय? गोठा, आड, का मसणवटा? तिनं पुढं वाचलंच नाही. पेन दातांत धरून ती त्या शब्दाकडे बघत बसली, शब्द तिच्याकडे बघत बसला, आणि घंटा झाली तेव्हा उताऱ्याखालची जागा धुतल्या तांदळासारखी कोरी. बाकीचे सगळे विषय सुटले. इंग्रजीनं मात्र घात केला.

आता कुणी शहाणा म्हणेल, एक शब्द अडला तर पुढं जावं की माणसानं. म्हणायला काय जातंय. शीला मेंढरं राखणाऱ्या घरची लेक. निरगुडसरच्या चिमाजीची. आणि चिमाजीच्या वाड्यात, म्हणजे त्याच्या मेंढरांच्या काफिल्यात, एकच कायदा होता: एक मेंढरू मागं राहिलं तर कळप पुढं हलवायचा नाही. लहानपणी एकदा ती एक लंगडी मेंढी वाटेत सोडून पुढं आली होती. बापानं हात उगारला नाही की शिवी दिली नाही. नुसतं म्हणाला, जा, घेऊन ये. आणि ती मेंढी घेऊन येईपर्यंत अख्खा वाडा, घोडी, कुत्री, म्हातारीकोतारी, सगळे भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिले. ती लाज तिच्या हाडांत उतरली. पुढं शाळेत गेली तरी तिथंच राहिली. वाचताना एक शब्द मागं राहिला की हिचे पाय जागच्या जागी खिळायचे.

तर अशी ही शीला लग्न होऊन ओतूरच्या बाहेरच्या वस्तीवर आली. सासरा यमाजी, सासू तुकाबाई, नवरा चांगदेव. थोडी शेती, बाकी मेंढरं. दिवाळी झाली की वाडा माळशेजचा घाट उतरून कोकणात जायचा आणि पाऊस लागला की वर यायचा. शीला मात्र वस्तीवरच राहायची, कारण तिला अंगणवाडीत मदतनीस म्हणून घेतलं होतं. नावाला मदतनीस. पोरं गोळा करायची हिनं, खिचडी रांधायची हिनं, वजनं घ्यायची हिनं, गाणी म्हणायची हिनं. सेविकाबाई गावातून नवऱ्याच्या गाडीवर बसून यायच्या, सही करायच्या, पोरांच्या गालाला हात लावायच्या आणि उन्हं चढायच्या आत परत जायच्या. वस्तीवरची पोरं शीलालाच बाई म्हणायची. कागदावर मात्र बाई दुसरीच होती, आणि हे शीलाला दर महिन्याला नव्यानं टोचायचं.

मग दोन हजार चार साली सेविकाबाई नवऱ्याच्या बदलीमागं पुण्याला निघाल्या. तपासणीला येणाऱ्या सुपरवायझर बाई चांगल्या होत्या. त्यांनी शीलाला बाजूला घेऊन सांगितलं, की जागेवर पहिला हक्क तुझा, पण दहावी पास पाहिजे. ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मी हे कसंबसं थांबवून धरते. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही, दुसऱ्या गावची कुणी येईल.

शीलानं घरी हे सांगितलं तेव्हा तुकाबाई भाकरी थापत होती. तुकाबाईची जीभ म्हणजे वस्तीवरचा दुसरा विळा. पण त्या वर्षी तिचे गुडघे पार गेले होते, घाट उतरायचा विचार केला तरी डोळ्यांत पाणी यायचं, आणि हे ती कुणाला सांगत नव्हती. घोड्यावर बसा म्हटलं तर अंगावर यायची. घोडं सामानाला असतं, माणसाला देवानं पाय दिल्यात, हे तिचं उत्तर. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात झाडला आणि निकाल देऊन मोकळी झाली.

"एक डाव बस परीक्षेला. सुटलीस तर तुझी अंगनवाडी तुला. न्हाई सुटलीस तर औंदा कोकनात माझ्या जागी तू. आन मंग पुन्यांदा त्या अंगनवाडीचं नाव काढायचं न्हाई."

यमाजीनं चिलीम बाजूला ठेवून काही बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि परत मिटलं. शीला म्हणाली, "कबूल." म्हणून बसली खरी, आणि मग चुलीमागं जाऊन बोटांवर वर्षं मोजली. इंग्रजीचं पुस्तक तिनं आठ वर्षांत उघडलेलं नव्हतं.

ओतूरच्या पेठेत कांतीलालशेठचं किराणा दुकान होतं. शेठजींचे पणजोबा कधीकाळी मारवाडातून आले, पण शेठजी भांडायला लागले तर ओतूरकरांनी कानांत बोटं घालावीत असं मराठी. त्यांची सून डिंपल इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, शिरूरकडची. सासूबाई उगमबाईंनी सुनेचं पदवीचं प्रमाणपत्र मोठ्या कौतुकानं काच लावून भिंतीवर टांगलं होतं, तेही तेलाच्या डब्यांच्या बरोबर वर. त्यामुळे त्याच्या काचेवर कायम तेलाचा हात असायचा. आणि डिंपल त्याच्याखाली बसून पुड्या बांधायची. शिकलेल्या बाईनं दिवसभर पावशेर हरभऱ्याच्या डाळीची पुडी बांधायची म्हणजे काय होतं, ते तिच्या तोंडावर दिसायचं.

आठवडे बाजाराच्या दिवशी शीलानं धीर करून तिला विचारलं, वहिनी, मला इंग्रजी शिकवाल का. डिंपलच्या हातातला दोरा सुटला. आधी तिनं सासूकडे बघितलं. उगमबाई म्हणाल्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा शिकव, आणि डाळीत हात ठेवून शिकव. एवढी परवानगी पुष्कळ झाली.

डिंपलनं शिकवायला घेतलं ते तिला स्वतःला जसं शिकवलं होतं तसंच. शब्द आणि अर्थ, शब्द आणि अर्थ. रोज एक पान पाठ. आणि पाठांतरात शीलाचा हात कोण धरणार? जी बाई एका रंगाची शंभर मेंढरं तोंडावरून ओळखते तिला शब्दांचं काय. भाकऱ्या थापताना शब्द, धुणं आपटताना शब्द, पोरांना झोपवताना शब्द. तिचा पाच वर्षांचा स्वराज अंगणात फिरत "अबंडन म्हणजे सोडून देणे" असं सुरात म्हणायला लागला. तुकाबाई म्हणाली, आता मेंढ्यासुद्धा इंग्रजीत ओरडायला लागतील, मग दूध कुणाला मागायचं? पण शीला हटली नाही. गणपती बसेपर्यंत तिची अर्धी शब्दांची वही तोंडपाठ झाली होती आणि डिंपल खूश होती.

मग एक दिवस डिंपलनं तिच्यापुढं जुना पेपर ठेवला. उतारा वाच म्हणाली. शीलानं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसऱ्या ओळीत थांबली. एक शब्द असा आला, की जो तिच्या पाठ केलेल्यांत नव्हता. झालं. ती बसली त्याच्याकडे बघत. डिंपलनं दोन गिऱ्हाइकं उरकली, गूळ फोडून दिला, परत आली तरी ही तिथंच.

डिंपलचा धीर सुटला. तिनं चिडून विचारलं, की इंग्रजीत शब्द किती आहेत ते ठाऊक आहे का? जन्मभर पाठ केले तरी पेपर काढणारा बाहेरचाच एक घालणार. शीलाचं तोंड उतरलं. बोलायचं नव्हतं, पण आठ वर्षांचं साठलेलं तोंडातून बाहेर आलं. ऑर्चर्ड म्हणजे काय, तिनं विचारलं. कधी कुणाला विचारलं नव्हतं, इतका त्या शब्दाचा राग होता.

"फळबाग," डिंपल म्हणाली. "का गं?"

शीलानं सगळं सांगितलं. डिंपल उठली आणि मागच्या खोलीत गेली. रद्दीत आलेल्या जुन्या गाईडांच्या गठ्ठ्यात तिनं बराच वेळ उचकापाचक केली आणि धूळ झटकत एक फाटकं गाईड घेऊन आली. त्यात त्या साली आलेला तो पेपर होता. तोच उतारा. डिंपलनं बोट ठेवून पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली. घरामागं ऑर्चर्ड होतं. त्यात आंबे लागत. पेरू लागत. माकडं येऊन पेरू खात आणि म्हातारा माळी काठी घेऊन त्यांच्यामागं धावे.

आंबा तिला तेव्हाही येत होता. पेरू येत होता. माकड तर बिगरीतल्या पोराला येतं. शीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. समोर एवढी बाग पिकली होती आणि ही बया दारातच उभी राहिली. तिनं पिशवी उचलली आणि घरची वाट धरली.

घरी आली तेव्हा दिवस कलला होता. मेंढरं चरून माघारी येत होती. पावसाळ्यात व्यायलेल्या मेंढ्यांची कोकरं दिवसभर जाळीच्या कुंपणात ठेवलेली असतात. ती इतकी लहान, की त्यांना चालवत नाही. संध्याकाळी मेंढ्या आल्या की जाळी उघडायची. मग काय गोंधळ होतो तो ज्यानं ऐकला त्यानंच ऐकावा. इकडून आया ओरडतात, तिकडून कोकरं ओरडतात, सगळी एकमेकांत घुसतात, आणि नवख्या माणसाला वाटतं आता काही खरं नाही. पण थोड्याच वेळात एकेक कोकरू आपापल्या आईला बिलगतं आणि आवाज खाली बसतो.

त्या दिवशी शीलाच्या पायाशी एक कोकरू घोटाळत होतं. चार दिवसांचं असेल. त्याला आई सापडेना. शीलाचं डोकं आधीच फिरलेलं. तिनं ते उचललं आणि एका मेंढीला लावलं. मेंढीनं ढुशी मारली. दुसरीला लावलं, तिनंही मारली. तिसरी तर अंगावर आली. तुकाबाई जाळीच्या खुंटाला टेकून गुडघे चोळत उभी होती. ती तिथूनच ओरडली.

"ठिव की ते खाली! आधी बाकीची लागू दे. मंग ऱ्हायलेलं कुनाचं, ते आपसूक कळतं."

हे काही तुकाबाईचं ब्रह्मज्ञान नव्हतं. शीलानं हे जन्मल्यापासून ऐकलेलं, स्वतः पोरांना सांगितलेलं. तिनं कोकरू खाली ठेवलं. एकेक जोडी लागत गेली. काळी लागली, पांढऱ्या तोंडाची लागली, तुटक्या कानाची लागली. शेवटी पलीकडच्या कोपऱ्यात एक मेंढी तेवढी मोकळी उरली, मान वर करून बघत. आणि अलीकडे हे एक. कोकरानं तिला बघितलं आणि तुरुतुरु गेलं. मेंढीनं हुंगलं आणि गप उभी राहिली. संपलं.

शीला मात्र उभीच राहिली. डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं. मागं राहिलेल्यासाठी थांबायचं, हा बापाचा कायदा रस्त्याचा होता. जाळीचा कायदा वेगळा. जाळीत उरलेल्याच्या मागं लागायचंच नाही. ओळखीची सगळी आधी जोडून घ्यायची, म्हणजे अनोळखी आपल्या जागी जातं. आणि उतारा हा काही रस्ता नव्हे. चारी बाजूंनी जाळी लावलेला, सगळे शब्द आत, एकही पळून जात नाही. आपण येडे, आठ वर्षं जाळीत उभं राहून रस्त्याचा कायदा चालवला! ती एकटीच मोठ्यानं हसली. तुकाबाईनं यमाजीला सांगितलं, की सुनेला इंग्रजी चढलं.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता तरी शीला दुकानात हजर. तिनं डिंपलला कोकराचं सगळं सांगितलं. डिंपल ऐकता ऐकता पुडी बांधायची थांबली. मग तिनं खालून पुण्याहून आलेल्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या रद्दीचा एक तुकडा ओढला. पुडीसाठी फाडलेला, त्यामुळे एका बाजूची अक्षरंच गेलेली. वाच म्हणाली. अडलं तर थांबायचं नाही, खालपर्यंत जायचं.

बातमी एका म्हाताऱ्याची होती. हरवलेल्या मुलाला शोधत तो गावोगाव चालला होता. पाय सुजले होते. पाणी संपलं होतं. शेवटी तो एका झाडाखाली बसला, आणि तिथं शब्द होता एग्झॉस्टेड. मग पुढं, लोकांनी हलवलं तरी तो उठेना. शीला शेवटपर्यंत गेली आणि मग माघारी आली.

"दमला. आन नुसता दमला न्हाई वहिनी, पार मेटाकुटीला आला."

डिंपलनं कोश उघडला. कोशात नुसतं थकलेला असं होतं. तिनं कोश मिटला आणि म्हणाली, तुझंच बरोबर आहे.

त्या दिवसापासून शब्दांची वही मागं पडली आणि रद्दी पुढं आली. बाजारात येईल तेव्हा शीला एक तुकडा वाचायची आणि दोन घरी न्यायची. फाटलेल्या बाजूला काय असेल तेही ती सांगायला लागली. चुका व्हायच्या. चुकीचा अर्थ लावला, की पुढचं वाक्य मेंढीसारखी ढुशी मारायचं, आणि ती म्हणायची, ही आई नव्हं. मग दुसरा अर्थ लावून बघायचा. डिंपलला या शिकवण्याची अशी गोडी लागली, की एकदा तिनं जिऱ्याच्या गिऱ्हाइकाला मोहरी दिली. शेठजींनी कपाळावर हात मारला. उगमबाई वरवर कुरकुरायच्या, पण शीलाच्या सामानाला त्या निवडून इंग्रजी कागद घ्यायला लागल्या. गूळ बांधताना विचारायच्या, हा चालेल का, की हा वाचून झाला?

परीक्षा आली. केंद्रावर सगळी ऑक्टोबरवाली पोरं, मिसरूड फुटलेली, निर्धास्त. शीला त्यांच्यात लुगड्याचा पदर खोचून बसली. पुढच्या बाकावरच्या पोरानं वळून विचारलं, मावशी, पोराला सोडायला आलाय का? तिनं त्याला पुढं बघ म्हणून सांगितलं. पेपर हातात पडला. व्याकरण, पत्र, धड्यांवरचे प्रश्न, जे येत होतं ते तिनं लिहिलं. मग पान उलटलं.

उतारा जहाजाचा होता. तिनं जन्मात जहाज बघितलं नव्हतं. आणि पहिल्याच ओळीत तो उभा. फॉग. पहाटे जहाज निघालं आणि फॉग आला.

तेच बाक, तीच पहिली ओळ, तोच मेला एक शब्द. कानांत बापाचा आवाज आला, घेऊन ये म्हणणारा. आठ वर्षं मागं गेल्यासारखं तिला झालं, आणि समोर कोकणाची वाट दिसली. कबूल म्हणाली होती ना?

मग तिनं मनातल्या मनात ते कोकरू खाली ठेवलं. आधी बाकीची लागू दे, असं स्वतःला बजावलं आणि पुढं वाचायला लागली.

फॉगमुळे कप्तानाला किनारा दिसेना. बरं. सगळीकडे पांढरं झालं. बरं. माणसाला स्वतःचा हातसुद्धा दिसेना. हवा ओली होती. कप्तानानं जहाज थांबवलं आणि घंटा वाजवायला लावली, म्हणजे दुसरं जहाज येऊन आदळू नये. सगळे गप उभे राहिले. मग सूर्य वर आला, आणि हळूहळू फॉग निघून गेला.

अरे, हे तर माळशेजला बघितलंय! पाऊस लागताना वाडा घेऊन घाट चढायचा, आणि मध्येच असं भरून यायचं, की हातातली काठी दिसायची नाही. बाप ओरडायचा, हलू नका. मेंढरं जागच्या जागी दाबून धरायची, कड्याच्या बाजूला माणसं उभी करायची, एडक्याच्या गळ्यातली घंटा हलवत राहायचं, म्हणजे मागून येणाऱ्या वाड्याला कळावं. आणि मग उन्हं यायची.

धुकं. दुसरं असणारच कोण? पलीकडच्या कोपऱ्यात मान वर करून तेवढं एकच उभं होतं.

मग तिचं पेन थांबलंच नाही. कप्तानानं जहाज का थांबवलं? अरे, थांबवणार नाही तर काय करणार तो! लिहिलं. घंटा कशाला? लिहिलं. शेवटचा प्रश्न होता, तुम्ही कप्तान असता तर काय केलं असतं. पुढचा पोरगा डोकं खाजवत होता. शीलानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत अख्खा घाट लिहून काढला. मी थांबेन. मी घंटा वाजवीन. मी सगळ्यांना धरून ठेवीन. मी सूर्याची वाट बघीन. व्याकरणाचे देव तिला माफ करोत, पण तिला जे म्हणायचं होतं ते तिनं त्या परक्या भाषेत म्हटलं, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. ती बाहेर आली ती ताठ मानेनं. घरी गेल्यावर तिनं सगळ्यांना जहाजाची आणि फॉगची गोष्ट सांगितली; तुकाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दिवाळी झाली. वाड्यानं निघायचं ते निकालासाठी खोळंबलं. यमाजीनं वाट काढली. पारगावला कारखाना सुरू झाला होता, तोडलेल्या उसाच्या रानात हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, पडलेलं असतं. निकाल लागेपर्यंत तिकडं मेंढरं बसवू म्हणाला. तुकाबाई मुकाट्यानं गेली. तिनं बरोबर शीलाचं अंथरूणही बांधून नेलं. सून सुटणार नाही, अशी खात्री होती तिची.

निकालाच्या दिवशी डिंपल दुकान भर दुपारी सोडून शीलाबरोबर गेली. लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदाच. गुणपत्रिका आधी डिंपलनंच ओढली. इंग्रजी, अठ्ठावन्न. ती बी. ए. झालेली बाई भर रस्त्यात शीलाच्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि शीलालाच तिची समजूत काढावी लागली. दुकानात आल्यावर उगमबाईंनी तो आकडा दोनदा वाचून घेतला. मग त्या शेठजींना म्हणाल्या, आजपासून इंग्रजी रद्दी पुड्यांना वापरायची नाही, वरच्या खोलीत ठेवायची. डिंपल पोरी शिकवेल. शेठजींनी विचारलं, मग पुड्या कोण बांधणार? उगमबाई म्हणाल्या, तुम्ही. आणि पदराच्या टोकानं त्यांनी प्रमाणपत्रावरचं तेल पुसलं.

शीला तशीच एसटी बदलत पारगावला गेली. उसाच्या फडाच्या कडेला वाडा उतरला होता. तुकाबाई तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती. सून लांबून येताना दिसली तरी उठली नाही. चालण्यावरून काय ते तिनं ओळखलं असणार, पण विचारल्याशिवाय राहील ती तुकाबाई कसली.

"किती पडलं?"

"अठ्ठावन्न, आत्या."

"म्हंजी निम्म्याच्या वर." तुकाबाईनं निखारा मागं सारला. शीलाला वाटलं, आता गुडघ्यांचं निघेल. मग म्हातारीनं चांगदेवाला हाक मारली आणि घोड्यावरचं सामान थोडं दुसऱ्या घोड्यावर टाक म्हणून सांगितलं. पाठीवर घोंगडी घाल जाड, टोचायला नको. चांगदेव बघतच राहिला. कुणी बसायचंय, त्यानं विचारलं.

"म्या. सेविकेची सासू पायी कोकनात उतरती व्हय?"

यमाजी तोंड फिरवून हसला. शीला तिथंच मातीत बसली आणि तिनं म्हातारीचे दोन्ही गुडघे हातांनी धरले. तुकाबाईनं एकदा तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भाकरी करपेल म्हणून ओरडली. शीलाचं बांधून आणलेलं अंथरूण दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबरच परत वस्तीवर आलं.

सुपरवायझर बाईंनी शब्द पाळला. शीलानं अंगणवाडीत पहिली सही केली तेव्हा वस्तीवरच्या पोरांना काही विशेष वाटलं नाही. त्यांची बाई तीच होती.

पाऊस लागला आणि वाडा वर आला. त्या रात्री जेवताना चांगदेवानं घाटातली हकीकत सांगितली. निम्म्या घाटात गच्च भरून आलं. काही दिसेना. घोड्यावर बसलेल्या तुकाबाईनं हात वर केला आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडली, फॉग हाय, फॉग, कुनी हलू नका! मागं दुसरा एक वाडा येत होता, त्यातला भिमाजी नावाचा म्हातारा अंधुक अंधुक पुढं आला. त्यानं विचारलं, काय म्हनली म्हातारे, फॉग म्हंजी काय?

शीलानं हातातला घास खाली ठेवला. मग आत्या काय म्हणाल्या, तिनं विचारलं.

उत्तर तुकाबाईनंच दिलं, ताटातून डोकं वर न काढता.

"काय म्हननार? म्हनलं, इचारतो काय, हुभा ऱ्हा गप. उन्हं आली की कळंल."